‘जावं लागलं’ हे शब्द खोडून टाक

प्रिय मुली,

ताश्कंदहून आलेलं तुझं लांबलचक पत्र दोनदा वाचलं. अकरा जणींशी बोललीस. डॉक्टर, प्राध्यापिका, एक सिव्हिल इंजिनिअर, प्रोग्रामिंग करणाऱ्या दोघी, आणि सगळ्या उझबेकिस्तान सोडायच्या तयारीत. तुझी अडचण ही, की कुणीच एक कारण धड सांगत नाही. इंजिनिअर बाई पहिल्या दिवशी पगार म्हणाली, तिसऱ्या भेटीत सासू निघाली, दारापर्यंत सोडायला आली तेव्हा मुलीची शाळा. तुझ्या मार्गदर्शकांना तक्ता हवाय : आर्थिक, कौटुंबिक, राजकीय. हिला कुठल्या रकान्यात घालू, असं तू विचारतेस.

आधी एक वाक्य लिही : हिनं जायचं ठरवलं. ठरवणारी ही. मग कारणं दहा येऊ देत, एकमेकांशी भांडू देत.

तू पाठवलेल्या मसुद्यात ‘जावं लागलं’ सोळा वेळा आलंय. मी मोजलं. आपल्या भाषेला बाईबद्दल बोलताना हीच क्रियापदं सुचतात. तिला शिकवलं, तिचं लग्न करून दिलं, तिला नोकरी करू दिली, तिला जावं लागलं. सगळीकडे करणारा दुसराच. चाळीस-चाळीस वर्षांच्या, दोन-तीन भाषा बोलणाऱ्या, पदव्या घेतलेल्या बायका स्वतःच्या तोंडानं तुला सांगताहेत की आम्ही जातोय, आणि तू लिहितेस ‘लागलं’. खोड ते.

मी चिडते कारण हीच चूक मी केली आहे, आणि छापून केली आहे.

1983 ते 88 मी ताश्कंदला होते, वुझगोरोदोक या विद्यार्थी वसाहतीतल्या वसतिगृहात. माझी खोलीसोबतीण रसायनशास्त्राची. पुढे ती ‘कँडिडेट’ झाली, म्हणजे आपल्याकडच्या पीएचडीसारखी पदवी. संशोधन संस्थेत लागली, लग्न झालं, केलिन म्हणून सासरी गेली. केलिन म्हणजे सून. पण तिथे काही दिवस राहिलीस तरी कळतं की तो शब्द नात्यापेक्षा हुद्द्यासारखा वापरतात. पहाटे उठून अंगण झाडायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला वाकून सलाम करायचा, आणि मग प्रयोगशाळेत जायचं. शरद ऋतूत तेही नाही. कापूस आला की शिक्षिका, डॉक्टर, संशोधक सगळ्यांना शेतावर पाठवत. ती सांगायची, ज्या बोटांनी मी थेंब मोजते त्याच बोटांना बोंडांचे काटे. ही पद्धतशीर सक्ती संपल्याचं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 2022 मध्ये सांगितलं. माझी मैत्रीण त्याच्या एकोणीस वर्षं आधी, 2003 मध्ये, मुलीला घेऊन जर्मनीला गेली. तेव्हा देशाबाहेर पडायला पासपोर्टवर परवानगीचा स्टिकर लागायचा. तो जाच 2019 मध्ये गेला.

ती गेल्यावर मी एका मासिकात तिच्यावर लेख लिहिला. फार कळवळून लिहिला होता. पगार पुरत नव्हता, संस्था ओस पडली होती, नवरा रशियात कामाला गेला तो पैसे पाठवेनासा झाला, म्हणून बिचारीला जावं लागलं. लोकांनी वाचून डोळे पुसले. मी मोठ्या अभिमानानं रशियनमध्ये उतरवून तिला पाठवला. तिचं उत्तर चार ओळींचं होतं. “सगळं खरं लिहिलंस. पण तुझ्या लेखात मी काहीच करत नाही. सगळं माझ्या बाबतीत घडत राहतं. आयुष्यात हा एक निर्णय मी कुणाला न विचारता घेतला होता, तोही तू गरिबीच्या नावावर लिहून टाकलास.”

नंतर पाच वर्षं आमचं बोलणं नव्हतं.

म्हणून सांगते, निर्णय तिच्या नावावर लिही. सातबाऱ्यावर नाव चढवतात तसं लिही. त्या देशात बायकांच्या बाबतीत हे नाव नेहमी दुसऱ्याचं असायचं. 8 मार्च 1927 ला कम्युनिस्ट पक्षानं ‘हुजूम’, म्हणजे हल्ला, नावाची मोहीम काढली. चौकाचौकांत परंजी, म्हणजे तिथला अंगभर बुरखा, जाळायला लावली. पक्ष म्हणाला काढा, घरचे म्हणाले काढाल तर याद राखा. बुरखा काढला म्हणून बायका मारल्या गेल्या. नूरखोन ही नर्तकी 1929 मध्ये सख्ख्या भावाच्या हातून मेली. या सगळ्या कोलाहलात बाईला स्वतःला काय हवं होतं हे विचारणारं माणूस शोधून बघ. 2022 मध्ये सरकारनं मुलींच्या मास्टर्सची फी भरायला सुरुवात केली, 2023 पासून घरातला मारहाणीचा प्रकार हा फौजदारी गुन्हा आहे. चांगल्या गोष्टी आहेत, नाकारू नकोस. पण त्याच्या पाठोपाठ तुला ऐकू येईल, ‘एवढं शिकवलं, तरी निघाल्या.’ पुन्हा तेच क्रियापद. शिकवलं. अगं, शिकली ती.

एक शब्द तुझ्या नजरेतून सुटलाय असं वाटतं. उझबेकमध्ये ‘वतन’ म्हणजे मायदेश. आपल्याकडे वतन म्हणजे पाटलाचं, कुलकर्ण्याचं, बापाकडून मुलाकडे जाणारं. तिथेही घर रिवाजानं धाकट्या मुलाकडे राहतं आणि मुलगी लग्न होऊन दुसऱ्याच्या अंगणात जाते. मग तिनं वतन सोडलं असं म्हणताना जरा थांब. एकदा घर सोडायला तिला लहानपणापासून तयार केलेलंच असतं. दुसऱ्यांदा ती आपल्या मनानं सोडते, इतकाच फरक, आणि तेवढ्यानंच महल्ल्यात गजहब होतो. ‘ओदामलार निमा देयदी’ तू ऐकलंच असशील. लोक काय म्हणतील. शब्दाला शब्द तेच, नाही का?

नाव तिचं लिहायचं म्हणजे कारणं पुसायची नाहीत, हेही ऐक. उलटा मूर्खपणा करू नकोस. सगळ्या जणी धाडसी, मुक्त पक्षिणी वगैरे लिहिलंस तर पत्र परत पाठवीन. पगाराचा आकडा लिही, कापूस लिही, सासू लिही. लॅटिन लिपीचा कायदा 1993 मध्ये झाला आणि आईची सिरिलिकमधली पुस्तकं मुलीला वाचता येईनाशी झाली, तेही लिही. पण ही सगळी तिच्यासमोरची परिस्थिती. तशाच परिस्थितीत तिची बहीण राहिली. बहिणीनंही ठरवलंच आहे. तिला भेटलीस का? नसशील भेटलीस. गेलेल्या बाईचा अभ्यास राहिलेल्या बाईला न भेटता कसा होईल?

आणि कायनोना, म्हणजे सासू, खोलीत बसलेली असताना प्रश्न विचारू नकोस. तू त्या इंजिनिअर बाईशी पहिल्या दिवशी सासरच्या ओट्यावर बसून बोललीस, मग पगारच ऐकू येणार. मेट्रोत बोल, दवाखान्याच्या रांगेत बोल. ‘का जाताय’ हे विचारणं सोडून दे, त्याला घोकलेलं उत्तर असतं. कधी ठरलं ते विचार. पहिल्यांदा कुणाला सांगितलं, कुणाला मुद्दाम सांगितलं नाही, कागदांचे पैसे कुठून काढले. निर्णय तिथे सापडतो.

तू विचारलंयस म्हणून माझंही सांगते. 1988 मध्ये मला तिथेच पुढे संशोधनाला राहायला जागा मिळत होती. मी परत आले. इतकी वर्षं सगळ्यांना सांगितलं, वडील आजारी होते, यावं लागलं. आजारी होते हे खरं. पण घरात दोन भाऊ होते. मला मराठीतून रशियन शिकवायचं होतं, माझ्या गावात, माझ्या भाषेत. मी आले. तीन वर्षांत सोव्हिएत संघ मोडला, वर्गात सात मुलं उरली, नातेवाईक म्हणाले चूक केलीस. मी वडिलांचं नाव पुढे केलं आणि सुटले. करायला नको होतं. चूक नव्हती ती. त्या सातांतली दोघं आज उत्तम भाषांतरं करतात, आणि तुला उझबेक शिकायला मीच ढकललं. माझा निर्णय माझ्या नावावर मी साठी उलटल्यावर लिहिला, म्हणून तुझ्या मागे लागते.

मैत्रीण लाइपझिगला असते. आधी वृद्धाश्रमात काम केलं, आता प्रयोगशाळेत आहे. तुझ्याबद्दल तिला सांगितलंय, बोलायला तयार आहे. रविवारी दुपारी फोन कर. रशियनमध्ये सुरुवात करू नकोस, उझबेकमध्ये बोल. माझ्या लेखाचा विषय तिनं काढला तर सगळं ऐकून घे आणि जसंच्या तसं मला कळव. तिनं नाही काढला तर तूही काढू नकोस.

तुझी,
बाई