मावशी, माझ्या ओट्सना घरात पुट्टी म्हणतात

मावशी, आम्ही गोव्यात साखळी गावाजवळ एक जुनं कौलारू घर घेतलं आणि पावसाच्या आधी कौलं बदलून तिथेच राहायला आलो, कारण भाडं आणि हप्ता दोन्ही झेपेना. आता आतलं काम चालू आहे, स्वयंपाकघर पूर्ण फोडलंय, मागच्या पडवीत एक शेगडी तेवढी आहे. नवऱ्याचं कोलेस्टेरॉल वाढलंय, डॉक्टर म्हणाले नाश्त्याला ओट्स देऊन बघा. मी म्हापशाला बँकेत असते, सकाळची बस पकडायच्या आधी मेस्ताला (गवंड्याला) काम सांगायचं, पाणी भरायचं आणि ओट्स करायचे. मी दूध उकळते, त्यात ओट्स टाकते, मोठ्या आचेवर घट्ट होईपर्यंत ढवळत राहते, तरी रोज चिकट गोळा होतो. नवरा म्हणतो भिंतीची पुट्टी उरली काय, आणि गाडी काढून बाजारात भाजीपाव खायला जातो. सासूबाई म्हणतात ही आजाऱ्याची पेज मला नको. परवा मी पातेलं तसंच मोरीत ओतलं आणि रडत बसले. एवढ्याशा गोष्टीवर रडणारी मी नव्हे. माझं नक्की काय चुकतंय?
– पडवीतली सून

अगं पडवीतल्या सुने,

आधी ती मोरीची जाळी काढून साफ कर, ओट्स आत वाळले की निघता निघत नाहीत आणि मेस्त त्याचे वेगळे पैसे लावेल.

रडू आलं त्याचं मला काही विशेष वाटलं नाही. घराचं काम चालू असलेल्या घरात राहणं म्हणजे रोज सकाळी उठून वस्तू शोधणं, चमचा कुठे, गाळणं कुठे, काल इथे ठेवलेली मिठाची बरणी कोणी सिमेंटच्या पोत्यावर नेऊन ठेवली, आणि त्यात बाहेर धो धो पाऊस, कपडे वाळत नाहीत, वर तुझी नोकरी. ओट्सचं निमित्त झालं. पण निमित्तसुद्धा नीट करून टाकूया, कारण ते सोपं आहे.

तू ओट्स करतेस ती पद्धतच गोळा व्हायची आहे. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा एक विरघळणारा तंतू असतो, पाण्यात गेला की तो फुगतो आणि दाटपणा येतो, शिवाय पिठूळ अंश असतो तो वेगळाच. हॉटेलात मिळतो तो मलईदार ओट्सचा बाऊल आणि तुझा गोळा, दोन्ही त्याच्याचमुळे होतात बरं का. फरक फक्त पाणी किती, आच किती आणि थांबायचं कधी एवढाच. उकळत्या दुधात ओट्स टाकले की त्यांना पाणी प्यायला वेळच मिळत नाही, दूध खाली लागतं, तू जोरात ढवळतेस, मग पिठूळपणा सगळा बाहेर येतो आणि आतला दाणा तसाच अर्धकच्चा राहतो.

आता असं कर. पाकीट बघून घे, त्यावर रोल्ड ओट्स लिहिलेलं असू दे. इन्स्टंटवाले फार बारीक केलेले असतात, ते दोन मिनिटांत लापशी होतात. मसाला ओट्सच्या पुड्या तर आणूच नको, त्यात मीठ भरपूर असतं आणि तुमच्याकडे आधीच डॉक्टर घरात शिरलेला आहे. स्टील कट नावाचे जाड तुकड्यांचे मिळतात, चवीला छान, पण पंचवीस तीस मिनिटं शिजतात, ते रविवारी.

एक वाटी रोल्ड ओट्स, अडीच वाट्या गार पाणी, चिमूटभर मीठ. गार म्हणजे गारच, नळाचं. हे पातेल्यात एकत्र करून झाकून ठेव आणि मेस्ताशी काय बोलायचं ते बोलून ये, दहा पंधरा मिनिटं गेली तरी चालेल, उलट चांगलं. मग मंद आचेवर ठेव, अधूनमधून तळापासून पळी फिरव, सतत नाही. उकळी फुटली की पाच सहा मिनिटं. त्यानंतर अर्धी वाटी दूध घाल, अजून दोन मिनिटं, आणि आता खरी गोष्ट ऐक, पातळ वाटत असतानाच गॅस बंद कर. पळीवरून धार पडली पाहिजे. झाकण ठेवून तीनेक मिनिटं थांब, तेवढ्यात हवा तसा दाट होतो. तू पातेल्यातच दाट करतेस, मग नवरा मेस्ताबरोबर गप्पा मारून येईपर्यंत तो आणखी पाणी ओढतो, गार होतो आणि चमचा उभा राहतो. तरी झालाच घट्ट तर शेजारी एका भांड्यात गरम पाणी नाहीतर दूध ठेव, दोन चमचे घालून हलव, लगेच सैल होतो.

गोडासाठी तुला म्हापसा हाताशी आहे. शुक्रवारच्या बाजारात तो काळपट माडाचा गूळ मिळतो ना, तो किसून ठेव आणि गॅस बंद केल्यावर, जरा वाफ गेल्यावर घाल. उकळत्या दुधात गूळ टाकलास तर दूध फाटेल आणि पुन्हा मोरी. केळं असेल तर अर्धं कुस्करून शिजतानाच घाल, मलईपणा दुप्पट होतो आणि गूळ कमी लागतो. मयडे गावची ती मोठी केळी मिळाली तर बघ, शिजवल्यावर फार सुंदर लागतात. वरून थोडे काजू, घरचे असतील तर भाजून.

फ्रिज चालू असेल तर रात्री भिजवून ठेवायचे ओट्सही करता येतात, दही आणि दूध घालून डब्यात, सकाळी गॅसच नको. पण फ्रिज हॉलमध्ये प्लास्टिकखाली गुंडाळून बंद पडलेला असेल तर हा उद्योग करू नको. आपल्या हवेत रात्रभर बाहेर ठेवलेलं दूध सकाळी कुणालाच दाखवायच्या लायकीचं नसतं.

कोलेस्टेरॉलचं म्हणशील तर डॉक्टर काही उगाच सांगत नाहीत. हा तंतू आतड्यात पित्ताचे घटक धरून बाहेर नेतो, मग यकृताला नवीन पित्त बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. दिवसाला 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेलं तर फरक पडतो असं धरतात, अमेरिकेच्या अन्न आणि औषध खात्याने 1997 मध्ये ह्याच आकड्यावर ओट्सच्या पाकिटावर तसं लिहायला परवानगी दिली. त्याला कोरडे ओट्स साठ सत्तर ग्रॅम लागतात, म्हणजे नाश्त्याच्या चार चमच्यांत होत नाही. उरलेले मिक्सरमध्ये फिरवून थालीपिठाच्या भाजणीत ढकल, कुणाला कळणारसुद्धा नाही. आणि गोळी चालू असेल तर ती ओट्सच्या भरवशावर बंद करायची नाही, ते डॉक्टरांनी ठरवायचं.

सासूबाईंना ओट्स खायला लावू नकोस. कशाला? त्यांचं कोलेस्टेरॉल वाढलंय असं तू लिहिलं नाहीस. त्या आयुष्यभर उकड्या तांदळाची पेज आणि खारातली तोर (मिठाच्या पाण्यातली कैरी) खाऊन ह्या वयाला ठणठणीत उभ्या आहेत आणि तू त्यांच्यापुढे पाकिटातली पेज ठेवून वर म्हणतेस हे पौष्टिक आहे, मग त्या आजाऱ्याची म्हणणार नाहीत तर काय. कुकरला उकडे तांदूळ लाव, त्यांची पेज त्यांना दे. आणि एखाद्या सकाळी त्यांनाच तिझन करायला सांग, नाचणीचं, नारळाचा रस आणि गूळ घालून, गुठळी न होऊ देता ते कसं ढवळायचं हे त्यांच्या हाताकडे बघ. गार पाण्यात पीठ आधी कालवून घेतात, आच मंद ठेवतात, नारळाचा दाट रस शेवटी घालतात आणि खळखळून उकळू देत नाहीत. ओट्सचं शास्त्र ह्याहून वेगळं नाही, तुझ्या घरात ते कधीचंच होतं. (नारळाचा रस नवऱ्याच्या ओट्समध्ये मात्र रोज नको, त्याला साधं कमी सायीचं दूध.)

गोड नको असेल त्या दिवशी ताकातली उकड कर. ओट्स जाडसर फिरवून आंबट ताकात कालवायचे, तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची, लसूण, त्यावर ते मिश्रण ओतून पाच मिनिटं मंद ठेवायचं, वरून ओलं खोबरं. ही मात्र सासूबाईंच्या ताटात न सांगता वाढून बघ. मला वाटतं जाईल.

आता नवरा. पुट्टीचा विनोद पहिल्या दिवशी विनोद होता, आता तो टोमणा झालाय आणि तू तो गिळतेस. भाजीपाव खाणं हा गुन्हा नाही, साखळीच्या बाजारात सकाळी गरम पातळ भाजी आणि पोदेराचा (पाववाल्याचा) ताजा पाव मिळत असताना मीसुद्धा तिकडेच वळेन. पण मला एक सांग, गाडी काढून बाजारात जाऊन खाऊन परत यायला ज्याला वेळ आहे त्याला पातेल्यापुढे आठ मिनिटं उभं राहायला वेळ नाही का? कोलेस्टेरॉल त्याचं, ओट्स त्याचे, आणि बस चुकायची तुझी. हे काही बरोबर नाही. वर लिहिलेली कृती एका कागदावर उतरव, पडवीत खिळ्याला लाव आणि सांग, सोमवार ते शुक्रवार सकाळचं पातेलं तुमचं, मला एक वाटी काढून ठेवा. भांडून सांगू नको, हप्त्याचा हिशोब सांगतेस तसं सांग. पहिले दोन दिवस तोही पुट्टीच करेल. तेव्हा हसू नकोस… बरं, थोडं हस.

आणि मेस्ताला सूचना कोणी द्यायच्या तेसुद्धा दोघांत ठरवून घ्या, म्हणजे सकाळी तू आणि संध्याकाळी तो असं नाही, तर एकाच माणसाने बोलायचं. दोन तोंडांनी सूचना गेल्या की मेस्त स्वतःला हवं तेच करतो.

पडवीतल्या कोपऱ्याबद्दल. टाइल कापताना आणि पुट्टी घासताना जी बारीक पांढरी धूळ उडते तिच्यात सिलिकासुद्धा असतं, टाइलच्या धुळीत तर नक्कीच, ते फुप्फुसात जाऊन बसतं, म्हणून कटरवर पाणी मारून कापायला सांग आणि कापाकापी पडवीपासून लांब, अंगणाच्या पलीकडच्या टोकाला, वाटल्यास ताडपत्रीखाली. आत जाणाऱ्या दारावर जाड प्लास्टिक वरून खालपर्यंत लाव. ओट्स, पीठ, गूळ सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात, पाकिटाला क्लिप लावून भागणार नाही, ह्या दमट हवेत ते आठवड्यात मऊ पडतात आणि मग टोके (किडे) होतात. सिलिंडर उभा, उघड्या हवेत, शेगडी त्याच्यापेक्षा वर. पावसाची झड येते म्हणून शेगडी बंद खोलीत नेऊ नका.

इंडक्शन घ्यायचा विचार असेल तर तात्पुरत्या एक्स्टेन्शन बोर्डवर अजिबात लावू नको. 2000 वॅटचं इंडक्शन 230 व्होल्टला पावणेनऊ अँपिअर ओढतं आणि तो साधा बारका प्लग 6 अँपिअरचा असतो, वायर गरम होऊन वितळते. छोटा राइस कुकर 700 वॅटपर्यंतचा असतो, तो चालतो आणि त्यात ओट्स छान होतात, फक्त पाणी जरा जास्त आणि वर तेलाचं बोट फिरव म्हणजे उतू जात नाही.

तू लिहिलं नाहीस, पण माझी खात्री आहे की मेस्त आधी हॉल पूर्ण करतोय आणि किचन शेवटी ठेवलंय, कारण चवथीला हॉल दिसला पाहिजे, माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायची आहे. सगळीकडे हेच चालतं. तर सासूबाईंना हाताशी घे आणि एवढंच विचार, गणपती हॉलमध्ये बसेल पण नेवऱ्या तळायच्या कुठे आणि पातोळ्या वाफवायच्या कुठे, पडवीत? बघ कशा मेस्ताच्या मागे लागतात. किचनला रंग नसला तरी चालेल, पावसात नवा गिलावा नीट वाळत नाही, घाई करून मारलेला रंग पोपडे धरून पडतो, तो दिवाळीनंतर. पण पाण्याची लाइन, ओटा, सिंक आणि वायरिंग आधी. ओट्याची उंची ठरवताना मेस्ताच्या मापावर जाऊ नको, तू आणि सासूबाई दोघी उभ्या राहून कोपराखाली चार बोटं मोकळी राहतात का बघा आणि भिंतीवर खडूने रेघ मारा.

आणि भिंतीला वायरिंगच्या झिऱ्या (खाचा) मारून झाल्या असतील आणि गिलावा बाकी असेल तर उद्याच इलेक्ट्रिशियनला बोलाव. ओट्याच्या वर दोन 16 अँपिअरचे पॉइंट मागून घे, एक इंडक्शनला, एक मिक्सर नाहीतर ओव्हनला, सिंकपासून लांब. एकदा गिलावा बसला की तेच काम दुप्पट पैशाने होतं आणि चिऱ्याची लाल धूळ पुन्हा सगळ्या डब्यांवर.

– मावशी