मुलीच्या वतीने तुम्ही दिलेला नकार

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राचा आशय इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुमच्या मुलीने संख्याशास्त्रात एम.एस्सी. केले आहे आणि अन्नसुरक्षेच्या मदत कार्यक्रमांचे संनियंत्रण व मूल्यमापन या क्षेत्रात काम करण्याची तिची इच्छा आहे. एका संस्थेने तिला घरोघरच्या पाहणीसाठी प्रगणक म्हणून चार महिन्यांचे काम देऊ केले. ‘दारोदार फिरून कोण काय जेवले हे विचारण्यासाठी मी तिला एवढे शिकवले नाही,’ असे म्हणत तुम्ही तिच्याच ई-मेलवरून, तिला न सांगता, संस्थेला नकार कळवलात. आता तिने डेटा सायन्सकडे वळावे की स्पर्धा परीक्षांची तयारी करावी, असे तुम्ही विचारता.

त्या प्रश्नापेक्षा मला त्या ई-मेलची चिंता अधिक वाटते. तुमचे पत्र चांगले दोन पानी आहे. त्यात तिचे गुण आहेत, तुम्ही केलेला खर्च आहे, नातेवाइकांची मते आहेत, पण ती स्वतः काय म्हणते याची एक ओळही नाही. सज्ञान मुलीच्या नावाने तिच्या नकळत पत्र पाठवणे हे मार्गदर्शन नव्हे, आणि काळजीपोटी केले म्हणून ते योग्यही ठरत नाही. तिला अजूनही हेच वाटत असेल की संस्थेने आपली निवड केली नाही. त्यामुळे स्वतःच्या क्षमतेविषयी ती कोणते निष्कर्ष काढत असेल, याचा विचार करा आणि आजच तिला खरे काय ते सांगा. संस्थेला पुन्हा लिहायचे की नाही हे ती ठरवील. जागा भरली गेली असेल, तर तिचा राग तुम्हाला निमूटपणे ऐकून घ्यावा लागेल.

हे मी इतके ताणून लिहितो, याला या क्षेत्राचेही एक कारण आहे. घरातील आहाराविषयीचे प्रश्न शक्यतो स्वयंपाकाची जबाबदारी सांभाळणाऱ्या व्यक्तीलाच विचारावेत, हे प्रगणकाला प्रशिक्षणातच शिकवले जाते. अन्न कमी पडले की कुटुंबे काय करतात हे मोजणाऱ्या एका प्रचलित निर्देशांकात गेल्या सात दिवसांविषयी पाच प्रश्न असतात आणि त्यांपैकी सर्वाधिक भार (महत्त्वानुसार ठरवलेला गुणक), म्हणजे ३, ‘मुलांना पुरावे म्हणून मोठ्यांनी कमी खाल्ले का?’ या प्रश्नाला असतो. जिने स्वतःचा घास कमी केला, तिने तो घरात बोलून दाखवलेला असेलच असे नाही, आणि म्हणून कुटुंबप्रमुखाने तिच्या वतीने दिलेले उत्तर तेथे पुरेसे मानता येत नाही.

आता तुमच्या एका समजाविषयी. ‘आकडे संगणकावर येतातच, खरे काम त्यांचे विश्लेषण करणाऱ्याचे, गोळा करणे ही हमाली,’ असे तुम्ही लिहिता. संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम वापरत असलेला फूड कन्झम्प्शन स्कोअर, म्हणजे कुटुंबाच्या आहाराला दिलेले गुण, घ्या. त्यात सात दिवसांत कोणता अन्नगट किती दिवस खाल्ला हे विचारतात आणि दिवसांना गटाच्या भाराने गुणतात: मुख्य धान्याला २, कडधान्यांना ३, भाज्यांना १, मांस-मासे व दुधाला प्रत्येकी ४. सर्वसाधारणपणे २१ पर्यंत गुण म्हणजे आहार अपुरा आणि ३५ च्या वर स्वीकारार्ह मानला जातो. एखाद्या कुटुंबाने सातही दिवस धान्य आणि तीन दिवस भाजी खाल्ली, तर १४ आणि ३ मिळून १७ होतात. त्या घरी रोज चवीपुरती माशाची भुकटी घातली जात असेल आणि प्रगणकाने ती ‘मासे, सात दिवस’ अशी नोंदवली, तर २८ गुण वाढून बेरीज ४५ होते. नियमाप्रमाणे ती भुकटी मसाल्यात धरायची असते आणि मसाल्याला शून्य गुण असतात. म्हणजे एका चुकीच्या खुणेने मदतीची गरज असलेले कुटुंब कागदावर सुस्थितीत जाते, आणि कार्यालयात बसलेल्या विश्लेषकाला ४५ या आकड्यात काहीही वावगे दिसत नाही. भुकटी चिमूटभर होती की मूठभर, हे विचारणारी व्यक्ती त्या दारातच असावी लागते.

तिचे संख्याशास्त्र येथे वाया जाणार नाही. वाटप ठरल्याप्रमाणे झाले का, मिळालेले धान्य घरात वापरले गेले की विकावे लागले, हे संनियंत्रणात सतत पाहिले जाते; पण कुटुंबांची स्थिती कार्यक्रमामुळेच सुधारली का, हा मूल्यमापनाचा प्रश्न त्याहून कितीतरी अवघड असतो. कार्यक्रमापूर्वीची पायाभूत पाहणी टंचाईच्या महिन्यांत आणि अंतिम पाहणी सुगीनंतर केली, तर मदत दिली नसती तरीही गुण वाढलेले दिसले असते. तुलनेसाठी कोणती कुटुंबे घ्यायची आणि नमुना कसा निवडायचा, हे ज्याला नीट कळते अशा माणसाची या कामात फार गरज असते.

नोकरीच्या स्थैर्याविषयीची तुमची शंका मात्र रास्त आहे आणि ती मी झटकून टाकणार नाही. हे क्षेत्र देणगीदार देशांच्या निधीवर चालते. इथिओपियातील दुष्काळानंतर १९८५ मध्ये सुरू झालेली ‘फ्यूज नेट’ ही अन्नटंचाईची पूर्वसूचना देणारी अमेरिकी यंत्रणा जानेवारी २०२५ मध्ये निधी थांबताच काही महिने बंद पडली, आणि त्याच वर्षी यूएसएआयडी ही परदेशांना मदत देणारी अमेरिकी सरकारी संस्थाच गुंडाळली गेली. अनुभवी माणसांचीही कामे गेली. करार बहुधा मुदतीचे असतात, हे गृहीत धरूनच तिने यात उतरावे आणि सर्वेक्षणाची रचना व विश्लेषण यांवर अशी पकड मिळवावी की आरोग्य किंवा शेती क्षेत्रातही ती उपयोगी पडेल.

डेटा सायन्स किंवा स्पर्धा परीक्षा तिने स्वतः निवडली तर उत्तमच. तुम्ही निवडून देऊ नये. महागड्या ऑनलाइन प्रमाणपत्रांच्या मागेही तूर्त लागू नये. कोबोटूलबॉक्स या पाहणीच्या साधनावर प्रश्नावली बांधणे आणि आर किंवा स्टाटा या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये विश्लेषण करणे तिला सरावाने जमेल.

असे काम पुन्हा समोर आले, तर करार करण्यापूर्वी तिने काही गोष्टी विचारून घ्याव्यात: गावात सोबत कोण असेल, प्रवास व विम्याची जबाबदारी कोणाची, भरलेल्या प्रश्नावल्यांपैकी काही घरांची फेरतपासणी होते का, आणि मोबदला दिवसावर आहे की भरलेल्या प्रत्येक प्रश्नावलीवर. प्रत्येक प्रश्नावलीमागे पैसे मिळत असतील, तर घाईने किंवा घरी बसून उत्तरे भरण्याचा मोह साऱ्या चमूला होतो आणि प्रामाणिक प्रगणकाची कमाई सर्वांत कमी राहते. तसा करार असेल, तर तिने तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.