घड्याळ मागे गेलं, बाळ मात्र पाचलाच जागं

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. बाळ दहा महिन्यांचं आहे. संध्याकाळी ७ला झोपतं, सकाळी ६ला उठतं. नोव्हेंबरात वेळ बदलल्यावर ते ५लाच उठेल का?

उत्तर : हो, बहुतेक उठेल. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ तासभर मागे घेतात, पहाटे २चे १ वाजतात, पण बाळाच्या पोटाला आणि झोपेला ते ठाऊक नसतं. त्या आधीच्या बुधवारपासून झोप रोज १५ मिनिटं पुढे ढकला : बुधवारी ७.१५, गुरुवारी ७.३०, शुक्रवारी ७.४५, शनिवारी ८. रविवारी नव्या घड्याळात ते बरोबर ७ होतात. नुसती रात्रीची झोप हलवून भागत नाही. दुपारच्या झोपा, दूध, वरणभात, आंघोळ सगळं त्याच मापाने सरकवा. नाहीतर बाळ अतिथकतं आणि उलट लवकर उठतं.

खरी गडबड पहाटे होते. ५ला कुरकुर ऐकून दिवा लावला, बाहेर आणून खेळवलं, की शरीर तीच सकाळ धरून बसतं. भूक असेल तर अंधारातच पाजा आणि परत निजवा. जाड पडदे लावा. संध्याकाळी मात्र घरात भरपूर उजेड ठेवा.

आजी-आजोबांनाही सांगून ठेवा : भारतातून दुपारी ४ला येणारा व्हिडिओ कॉल तुमच्याकडे आता ६.३०ऐवजी ५.३०ला वाजेल!

आठवडाभर थोडं मागेपुढे चालायचंच. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ परत तासभर पुढे जातं, तेव्हा हेच उलट, रोज १५ मिनिटं अलीकडे.