वाचकांचे प्रश्न: गिरणीचे वाढते वीजबिल

प्रश्न : लातूर जिल्ह्यातील आमच्या गावात माझी पिठाची गिरणी आणि करडई-शेंगदाण्याचा लाकडी घाणा आहे. गिरणीला 10 अश्वशक्तीची आणि घाण्याला 5 अश्वशक्तीची जुनी मोटर आहे. दळण पूर्वीइतकेच असूनही बिल वाढत चालले आहे. दुकानदार नवी मोटर आणि वीज वाचवणारे यंत्र घेण्याचा आग्रह धरतो. हा खर्च करावा का?

उत्तर : प्रथम जुन्या बिलांतील रुपये नव्हे, तर युनिट पाहावेत. युनिट तेवढेच असतील तर वाढ दराची किंवा स्थिर आकाराची आहे. पिठाच्या गिरणीला औद्योगिक दर लागू होतो, म्हणून बिलावर वाणिज्यिक वर्गवारी नाही ना, हेही पाहून घ्यावे.

युनिट वाढले असतील, तरी मोटर लगेच बदलू नये. मोटरच्या कार्यक्षमतेचे वर्ग आयई-1, आयई-2, आयई-3 असे असतात; आकडा मोठा तितकी मोटर वीज कमी खाते. 10 अश्वशक्तीच्या चार पोलच्या (मिनिटाला 1500 च्या आसपास फेऱ्यांच्या) आयई-1 मोटरची कार्यक्षमता 86 टक्के, तर आयई-3 मोटरची 90.4 टक्के असते. म्हणजे मोटर बदलून वीज साधारण 5 टक्केच वाचेल. त्याहून मोठी गळती बहुधा रिकाम्या चालण्यात असते आणि ती आपल्याला स्वतः मोजता येते. मीटरवर एका युनिटला किती पल्स, म्हणजे लाल दिवा किती वेळा लुकलुकतो, हे छापलेले असते. समजा तो आकडा 1200 आहे. बाकी सर्व बंद करून, धान्य न टाकता गिरणी चालवावी. मिनिटाला लाल दिवा 40 वेळा लुकलुकला, तर तासाला 2 युनिट नुसता पट्टा आणि दगड फिरवण्यात जात आहेत. एकेका डब्याची वाट पाहत रोज तीन तास गिरणी अशी फिरली, तर महिन्याला 180 युनिट वाया जातात. डबे जमवून सकाळ-संध्याकाळ सलग दळण काढले, तर ही वीज एक पैसाही खर्च न करता वाचते, आणि वेळ ठरलेली असली की गावकरीही कुरकुर करत नाहीत.

पीठ हाताला चटका बसेल इतके गरम येत असेल, तर दगडांना टाकी लावण्याची, म्हणजे छिन्नीने टोचून ते पुन्हा खरखरीत करण्याची वेळ झाली आहे. बोथट दगड वीज उष्णतेत घालवतात आणि पिठाची चवही बिघडवतात. पट्टा ढिला होऊन घसरत असेल तर पुली तापते, हेही तपासावे. घाणा अर्धवट भरून चालवू नये.

‘वीज वाचवणारे यंत्र’ मुळीच घेऊ नये. त्यात बहुधा कपॅसिटर असतो. योग्य क्षमतेचा कपॅसिटर पॉवर फॅक्टर (घेतलेल्या प्रवाहाचा किती भाग प्रत्यक्ष कामी येतो, त्याचे माप) सुधारतो आणि वायरमधला प्रवाह कमी करतो. पण धान्य दळण्यासाठी मोटरला लागणारे युनिट त्याने कमी होत नाहीत.

टाकी लावण्यापूर्वी आणि नंतर एक क्विंटल गव्हाला किती युनिट लागले, ते वहीत लिहून ठेवावे. पुढे मोटर जळाली, तर मात्र पुन्हा रिवाइंडिंग (आतली तार नव्याने गुंडाळणे) करण्याऐवजी आयई-3 मोटर घ्यावी आणि तिच्या फेऱ्या किंचित जास्त असल्याने पुलीचे माप मिस्त्रीकडून तपासून घ्यावे.