इंदूरहून नैरोबीला जाणाऱ्या आईवडिलांसाठी आरोग्याची कोणती तयारी करावी?

तुमचे साठी ओलांडलेले आईवडील इंदूरहून मुंबईमार्गे नैरोबीला जाणार असून, विमानतळावर काय तपासले जाते आणि विमानात संसर्गाची भीती किती असते, असे तुम्ही विचारले आहे. आधी पीतज्वराच्या (यलो फीवर या डासांमुळे पसरणाऱ्या रोगाच्या) लसीचा विचार करावा. केनियात हा रोग असल्यामुळे परतताना भारतात लसीकरणाचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. ते लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य ठरते आणि २०१६ पासून आजन्म चालते. प्रमाणपत्र नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. आपल्या देशात पीतज्वर नाही, पण तो पसरवणारा एडिस डास इंदूरसकट सगळीकडे आहे, त्यामुळे ही कडक शिस्त मला पूर्णपणे योग्य वाटते. मात्र साठीनंतर या लसीच्या गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, म्हणून आधी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा आणि लस सरकारमान्य केंद्रातच टोचून घ्यावी.

विमानतळावर ताप मोजला, तरी लक्षणे न दिसणारा रुग्ण त्यातून सहज निसटतो. विमानातील हवेविषयी लोक उगाच धास्तावतात. पुन्हा वापरली जाणारी हवा बहुतेक मोठ्या विमानांत हेपा फिल्टरमधून, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीतून, जाते आणि प्रवाह साधारणपणे छताकडून खाली, त्याच रांगेत वाहतो. खरा धोका शेजारच्या आणि पुढच्या-मागच्या एक-दोन रांगांतील खोकणाऱ्या प्रवाशाकडून, तसेच चढता-उतरताना होणाऱ्या गर्दीत असतो, तेव्हा निदान त्या वेळी तरी दोघांनी मास्क लावावा.