पूरग्रस्तांच्या छावणीत ‘मानसिक आधार’ द्यायचं काम माझ्याकडे आलंय, पण मी समुपदेशक नाही. लोकांना बोलतं कसं करू?

तुम्ही लिहिलंय की गट परवा निघतोय, बाकीचे धान्य-कपडे बघणार आणि तुमच्या वाट्याला माणसं आली आहेत. माझं पहिलं सांगणं हेच, की कुणालाही बोलतं करायला जाऊ नका.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. मी मिरजेत शाळेत शिकवते. नदीकाठच्या गावांतली माणसं एका मंगल कार्यालयात उतरवली होती, तिथे जवळजवळ तीन आठवडे रोज जात होते. तेव्हा मलाही यातलं काही येत नव्हतं. थोडं तिथे शिकले, थोडं नंतरच्या प्रशिक्षणात.

तिथे साठीच्या एक आक्का होत्या. त्यांच्या दोन म्हशी गोठ्यात तशाच राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारी बसले असताना त्या आपणहून म्हणाल्या, “इळा हाताशी हुता गं. दावं का कापलं न्हाई म्या?” मी काही बोलले नाही, नुसती बसून राहिले. पुढच्या दोन दिवसांत वेगवेगळ्या गटांनी त्यांना हेच चार वेळा सांगायला लावलं. मन मोकळं करा, बरं वाटेल, म्हणत. एकाने तर मोबाइलवर व्हिडिओ काढला. त्या रात्री आक्का जेवायला उठल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

संकटानंतर लगेच माणसाला बसवून घडलेलं सगळं एका बैठकीत वदवून घ्यायचं, अशी पद्धत पूर्वी होती. तिचा फायदा होत नाही, काहींचा त्रास उलट वाढतो. जागतिक आरोग्य संघटना ती वापरू नका असंच सांगते. त्याऐवजी २०११ च्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेत तीन गोष्टी दिल्यात: पाहा, ऐका, जोडून द्या. माणूस स्वतःहून बोलला तर ऐकायचं, अर्ध्यात थांबला तर थांबू द्यायचं. “जीव वाचला हे काय थोडं आहे?” हे वाक्य तर तोंडातून काढूच नका. ज्याचं गेलंय त्याला ते गप्प बसवणारं वाटतं.

खरं काम ‘जोडून द्या’मध्ये आहे, म्हणजे माणसाला पक्की माहिती, मदत आणि त्याची आपली माणसं यांच्याशी जोडून देणं. छावणीत लोकांचा जीव सगळ्यात जास्त कशाने टांगणीला लागतो, तर काहीच कळत नाही म्हणून. पाणी कधी उतरणार, पंचनामा कधी, रेशनकार्ड बुडालं तर काय, भाऊ कुठल्या छावणीत आहे. आम्ही तलाठ्यांना विचारून जे पक्कं कळेल ते रोज संध्याकाळी फळ्यावर लिहायला लागलो. जे कळलं नाही त्यापुढे ‘उद्या विचारू’ लिहायचो, आणि खरंच विचारायचो. आक्कांची बहीण दुसऱ्या छावणीत सापडली, फोनवर दोघी नुसत्या रडल्या. दुसऱ्या दिवशी आक्काच म्हणाल्या, रोज पुलाव खाऊन म्हातारी माणसं कावलीत, पीठ आणा. परात पुढ्यात ओढून त्या भाकऱ्या थापायला बसल्या. म्हशींचं दुःख गेलं असं मी म्हणणार नाही. पण कुणीतरी दिलेलं नुसतं घेत बसण्यापेक्षा स्वतः काही ठरवता आलं, हे मोठं होतं.

संयुक्त राष्ट्रसंघ आणि मदत संस्थांच्या समितीची २००७ ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. मानसिक आधाराचा पाया म्हणजे सुरक्षितता आणि मानाने मिळालेल्या साध्या सोयी. बायकांच्या संडासाला कडी नाही, बाहेर दिवा नाही, म्हणून रात्रभर पाणीही न पिता जागी राहणारी बाई समुपदेशनाने कशी झोपेल? तुम्ही गेल्या गेल्या ती कडी बघा.

आणि पहिल्याच दिवशी विचारा, रोजच्या गोळ्या कुणाच्या बुडाल्या? लोक बीपी-शुगरचं सांगतात, फिट्सच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्यांचं चारचौघांत सांगत नाहीत, म्हणून एकेकट्याला विचारा. फिट्सच्या गोळ्या एकदम तुटल्या की जिवावर बेतू शकतं. आमच्याकडे एका मुलाची आई रिकामी पाकिटं पिशवीत जपून बसली होती, चार दिवस कुणी विचारलंच नव्हतं. झोप येत नाही म्हणून झोपेच्या गोळ्या मात्र कुणाला वाटू देऊ नका.

मुलं ‘पूर आला, पळा’ असं खेळतील. खेळू द्या.

रडणं, दचकणं, झोप न लागणं हे पहिल्या दिवसांत बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं ओसरतं. पण कुणी जगायचं नाही म्हणालं, खाणंपिणं पार सोडलं, भलतंच काही दिसतंय-ऐकू येतंय म्हणालं, तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोहोचवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तो पाठ करून जा.

एक विनंती. परतीची तारीख लोकांना आधीच सांगा, आणि जमलं तर महिन्याने पुन्हा जा. चिखल भरलेल्या घरात परतल्यावर छावणीतली गर्दी नसते, तेव्हा फार एकटं पडायला होतं. मी आक्कांकडे गणपतीनंतर गेले. भिंतीवर डोक्याच्याही वर पाण्याची रेघ होती, गोठ्यात दोन खुंटे तसेच होते. “बस, चहा टाकते,” म्हणाल्या. म्हशींचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. काळाच चहा होता, दोघी उंबऱ्यात बसून प्यायलो.