बाटल्या पुरे झाल्या, आता पिठाची पिशवी काढ

प्रश्न : ताई, मी 38 वर्षांची, भांडुपला वन बीएचकेमधे राहते. नोकरी फोर्टला, म्हणजे सकाळी आठला घराबाहेर आणि परत यायला साडेसात तरी होतातच. जिमला वेळ नाही आणि खरं सांगायचं तर फी पण झेपत नाही, म्हणून व्हिडिओ बघून घरीच सुरू केलं, 1 लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या घेऊन रोज वीस मिनिटं हात वर, खाली, बाजूला वगैरे. तीन महिने झाले. आधी दंड दुखायचे, आता काहीच वाटत नाही आणि फरकही दिसत नाही, परवा सिलेंडर जरा सरकवायला गेले तर कंबर धरली ती दोन दिवस. त्यात सासूबाई म्हणतात घरकाम काय कमी आहे का, आणि पुरुषासारखे दंड होतील ते वेगळंच. माझं काय चुकतंय?

उत्तर : अगं चुकत काही नाहीये, तू फक्त पहिल्याच पायरीवर तीन महिने उभी आहेस. 1 लिटर पाणी म्हणजे 1 किलो. तुझी ऑफिसची बॅग डबा, बाटली, छत्री धरून त्याहून जड असणार, आणि ती तू रोज खांद्याला लावून स्टेशनचा पूल चढतेस, मग त्या दंडांनी बाटलीची दखल का घ्यावी? आधी दुखायचं आणि आता वाटत नाही, म्हणजे शरीराने ते वजन पचवलं. आता वाढवायचं, एवढंच. बाटलीने पंचवीस-तीस वेळा आरामात होत असेल तर तो हातांचा टाइमपास आहे. ताकद हवी तर वजन असं घे की 8 ते 12 वेळाच होईल आणि शेवटच्या दोन वेळा तोंड वाकडं होईल.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे हं. त्यांच्या वेळी नळावरून कळशा आणायच्या, पाट्यावर वाटण करायचं, ती वजनंच होती. आपण मिक्सर फिरवतो आणि सिंकपाशी उभं राहून पाय दुखवून घेतो. दमतो खूप, पण ओझं रोज तेच असतं त्यामुळे ताकद काही वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा आठवड्याला किमान 150 मिनिटं चालणं-बिलणं सांगते आणि त्याच्या जोडीला, वेगळं, निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. आणि पुरुषी दंडांचं म्हणशील तर त्याला जे टेस्टोस्टेरॉन लागतं ते पुरुषांच्यात आपल्या दहापट तरी असतं. मीराबाई चानूचा फोटो दाखव त्यांना. टोकियोत 2021 साली 49 किलो गटात रौप्य मिळवलं तिने, 115 किलो डोक्यावर धरून. दिसते का ती पुरुषासारखी? तिची तर अख्खी जिंदगी त्यात गेलीय, आपली पिठाची पिशवी आहे.

आता पिशवीबद्दल. वाण्याकडचा माल हा आयता मोजलेला असतो, 5 किलोची कणीक, 1 किलोची साखर, 1 किलोचं मीठ, वेगळा काटा नको. मुलांची जुनी जाड पट्ट्यांची सॅक घे, त्यात 5 किलो कणीक घाल, रिकाम्या जागेत चादर कोंब म्हणजे आत काही हलणार नाही, आणि चेन लावल्यावर वरून ओढणी घट्ट बांध. ओढणी मी उगाच सांगत नाहीये. माझ्या सॅकची चेन एकदा मधेच उसवली आणि चार किलो तांदूळ दिवाणाखाली गेले, झाडून काढून परत निवडले. त्याच्या आधी बादलीचा प्रयोग झाला होता, भरलेली बादली उचलली तर कडी हातात आणि बादली खाली, पाणी थेट शेजारणीच्या पायपुसण्यापर्यंत. प्लास्टिकच्या कडीवर विश्वास ठेवू नकोस. सिलेंडर तर अजिबात नको, आत 14.2 किलो गॅस आणि लोखंडाचं जवळपास तेवढंच, म्हणजे भरलेला 30 किलोच्या आसपास जातो, पकडायला धड जागा नाही आणि निसटला तर तुझ्याच बोटांवर.

हात सध्या विसर, पाय आणि पाठ आधी. सॅक छातीशी कवटाळायची, मागे खुर्ची ठेवायची, खुर्चीला जेमतेम टेकायचं आणि उठायचं. खाली जाताना तीन मोजत हळू जा, बुड धपकन टाकू नकोस. दुसरं, सॅक एका हातात, दुसरा हात आणि गुडघा दिवाणावर टेकवून, कोपर कंबरेच्या दिशेने मागे ओढायचं. तिसरं पुशअप, जमिनीवर नाहीच, ओट्याच्या कडेवर हात ठेवून (कड आधी कोरडी कर, तेलकट असते).

चौथं तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, कारण तुझी कंबर तिथेच धरली. खाली वाकून उचलणं. दोन्ही हातात भांडी असली की फ्रिजचं दार आपण बुडाने लावतो ना, तसं बुड मागे ढकलायचं, गुडघे थोडेसे सैल, पाठ सरळ, सॅक मांड्यांना घासत गुडघ्याच्या जरा खाली न्यायची आणि बुड पुढे आणत उभं राहायचं. पाठीची कमान झाली की थांब. आधी आठवडाभर रिकाम्या हाताने भिंतीपासून वीतभर पुढे उभी राहून कर, दर वेळी बुड भिंतीला लागलं पाहिजे. कंबर अजून दुखत असेल किंवा कळ पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील तर हे काही न करता आधी डॉक्टर.

प्रत्येकाचे 3 सेट (सलग 8 ते 12 वेळा केलं की एक सेट), मधे दीड-दोन मिनिटं दम खायचा, आठवड्यातून तीन दिवस, लागोपाठ नाही. रोज नको गं, स्नायू भरतात ते सुट्टीच्या दिवशी. तिन्ही सेटमधे 12-12 व्हायला लागले आणि पुढच्या वेळीही झाले की सॅकमधे मिठाची एक पिशवी वाढव, आकडा वहीत लिही. उचलताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, कमोडवर बसताना देव आठवेल, ते चालतं. सांध्यात टोचल्यासारखं झालं तर चालत नाही. बाटल्या टाकू नकोस, कोरडी वाळू भरलीस तर तीच 1 लिटरची बाटली दीड किलोच्या आसपास जाते, खांद्यांना तेवढं बरं आहे सध्या. फक्त वर माळा आणि पंखा बघून.

खाण्याचं थोडक्यात, वरणाचं पाणी म्हणजे प्रोटीन नव्हे. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम असतं. अंडी, घट्ट डाळ, उसळ, दही, पनीर, खात असाल तर सुकट-बोंबील, दोन्ही जेवणात यातलं काहीतरी हवंच.

प्रश्न : मी 57 वर्षांची, बोरिवलीला असते. पाळी जाऊन सहा वर्षं झाली. आमच्याकडे म्हणतात बाईने वजन उचललं की अंग बाहेर येतं. हे खरं का? हाडं पण ठिसूळ झाली असतील अशी भीती वाटते.

उत्तर : तुम्हाला खाली काही उतरल्यासारखं, जड वाटतं का? खोकताना, शिंकताना लघवी होते का? तसं असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, लाजू नका, याला इलाज असतो आणि फिजिओथेरपिस्ट त्याचे व्यायामही शिकवतात. तसं काही नसेल तर हळूहळू वाढवलेल्या वजनाला घाबरायचं कारण नाही. पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने विरळ होतात आणि त्यांच्यावर भार पडला तरच ती टिकायला मदत होते. फक्त हाडांची तपासणी आधी करून घ्या, आणि ठिसूळ निघाली तर पाठ गोल करून वाकणं, वजन घेऊन कंबरेत वळणं हे टाळा. सुरुवात नुसती खुर्चीवरून हात न लावता उठण्याने, दहा वेळा. तेच जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा.

प्रश्न : ताई, सगळं पटलं पण आमच्या सासूबाई म्हणतात अन्नाला पायाशी ठेवायचं नाही, व्यायामाला तर नाहीच. काय करू? – परळहून एक वाचक

उत्तर : बरोबर आहे त्यांचं, वाद घालू नकोस. जुन्या जीन्सचा एक पाय काप. एक टोक दुहेरी शिवून घे, शेजारच्या टेलरकडे दे, घरच्या मशीनची सुई तुटते. वाळू हार्डवेअरवाल्याकडे मिळते नाहीतर कुठेतरी बांधकाम चालूच असतं आपल्याकडे, विचारून घे. आधी गच्चीत उन्हात पसरून पूर्ण वाळव, ओली भरलीस तर पावसाळ्यात असा वास येईल की घरचेच बाहेर काढतील. मग दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांमधे थोडी थोडी भरून, टेप लावून, एकेक आत सोड. म्हणजे वजन कमी-जास्त करता येतं आणि फुटली तर एकच फुटते. वरचं तोंड नाडीने आवळ. आणि खाली टाकताना गोधडीवर टाक, खालच्या मजल्यावरचे लोक झोपलेले असतात.